पोलादाचे गुपित आणि भिकाऱ्याची कथा

इंग्लंडमधल्या शेफिल्डची एक गोष्ट पोलादाच्या इतिहासात हमखास भेटते. बेंजामिन हंट्समन हा मूळचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी मिळणारे पोलाद एकजिनसी नसे, म्हणून १७४० च्या दशकात त्याने ते मातीच्या मुशीत पुरते वितळवून ओतण्याची रीत बसवली. पेटंट घेतले नाही. कामगारांना गुप्ततेची शपथ घातली आणि ओतकाम रात्री ठेवले. मग एका बर्फाळ रात्री वॉकर नावाचा लोखंडाचा कारखानदार भिकाऱ्याच्या वेषात कुडकुडत दाराशी आला, भट्टीपाशी शेकायला जागा मागितली आणि पडल्या पडल्या सगळी कृती पाहून घेतली. सॅम्युअल स्माइल्सने १८६३ मध्ये ही हकिकत पुस्तकात रंगवून सांगितली आणि ती रूढ झाली. हंट्समन वारला १७७६ मध्ये. म्हणजे घटना आणि तिचे हे वर्णन यांच्यात निदान सत्त्याऐंशी वर्षे लोटली होती. तरी कथा खरी आहे असे घटकाभर धरू. एका रात्रीत चोरता येईल असे त्या भट्टीत होते काय, हा माझा प्रश्न आहे.

सगळी मदार मुशीवर होती. सोळाशे अंश सेल्सियसच्या आसपासची आच सोसून, पंधरा-वीस किलो पोलाद पोटात घेऊन न फुटणारी मूस करणे हेच अवघड काम. शेफिल्डच्या कारखान्यांत पुढे दीर्घकाळ चाललेली रीत पाहिली की याची कल्पना येते. चिकणमातीत कोकची पूड मिसळत आणि तो गारा माणसे अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत. बोटांना खडा लागला की तो काढायचा, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक बुडबुडा राहिला तरी मूस भट्टीत तडकायची. मूस वर खेचणारा माणूस पायांना ओली गोणपाटे गुंडाळून भट्टीच्या तोंडावर उभा राहत असे. पोलाद ओतण्याजोगे झाले की नाही, हे नजरेने ठरे. हे शेकोटीपाशी पडून कसे शिकणार?

यावर कोणी म्हणेल, वॉकर काही अडाणी नव्हता. जाणत्याला इशारा पुरतो. हे मला मान्य आहे. पोलाद मुशीत झाकून कोकच्या आचेवर वितळवायचे, एवढे सूत्र त्याला नक्की कळले असेल. पण सूत्र कळूनही हात अडतो, याचा पुरावा फ्रान्सने दिला आहे. गॅब्रिएल जार्स हा फ्रेंच सरकारने पाठवलेला तज्ज्ञ १७६० च्या दशकात इंग्लंडचे कारखाने पाहून गेला. शेफिल्डच्या पोलादाचे त्याने केलेले वर्णन १७७४ मध्ये छापूनही आले. तरीही तसे पोलाद नियमितपणे काढायला फ्रान्सला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. वॉकरला पुढे यश आले असेल, तर ते त्याच्या स्वतःच्या कामगारांनी मुशी फोडत फोडत मिळवले असणार. हेराची कथा त्यांचे श्रेय गिळते, आणि हंट्समनच्या कामगारांचेही.

मुशीतले पोलाद हंट्समनच्या आधी कित्येक शतके दक्षिण भारतात होत होते. त्याने ते इथून उचलले असा पुरावा नाही. रीतही वेगळी होती. इथले लोहार लहान बंद मुशीत लोखंडाबरोबर लाकूड आणि पाने घालून तापवत आणि वडी मुशीतच निवू देत. तेलंगणातल्या कोनासमुद्रमला ते घ्यायला थेट इराणी व्यापारी येत. या पोलादाचे नमुने १७९४ मध्ये मुंबईतल्या हेलेनस स्कॉट या डॉक्टरने लंडनला रॉयल सोसायटीचा अध्यक्ष जोसेफ बँक्स याच्याकडे धाडले. तिथे त्यांची रासायनिक तपासणी झाली आणि पुढे मायकेल फॅरडेनेही त्यावर प्रयोग केले. गुपित काढून घेण्याचाच हा प्रयत्न होता, पण त्याची चोरी म्हणून कथा झाली नाही. माझ्या मते कारण सरळ आहे: चोरीची कथा रचायला नाव असलेला मालक लागतो आणि या लोहारांची नावे कोणी टिपलीच नव्हती. जॉर्ज पिअर्सनने १७९५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या नमुन्यांवर निबंध छापला. त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत तयार होते असे लिहिले आहे.