भूकंप, शिवाशिव आणि सास्तूर

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपेत असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरचा परिसर हादरला. सास्तूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात होते. आज तालुका लोहारा आणि जिल्हा धाराशिव. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांखाली या भागातील हजारो जीव चिरडले गेले. सामुदायिक चिता पेटल्या. गावोगावी जातवार स्मशाने पाळणाऱ्या मराठवाड्यात त्या दिवसांत कोण कोणाशेजारी जळते आहे हे पाहण्याची उसंत कोणाला होती?

भूकंप आणि शिवाशिव यांची सांगड याआधीही एकदा घातली गेली होती. १५ जानेवारी १९३४ ला बिहार हादरला, तेव्हा ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा होय, असे महात्मा गांधी म्हणाले. रवींद्रनाथांनी त्यास जाहीर विरोध केला. अस्पृश्यता त्यांनाही अमान्यच होती. परंतु निसर्गाच्या उत्पाताला नैतिक कारण जोडणे त्यांना पटले नाही. मला रवींद्रनाथांचे म्हणणे ग्राह्य वाटते. दगड कोसळताना जात विचारीत नाही. ती नंतर माणसेच विचारतात.

त्याच १९३४ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका चिनी दांपत्यासह त्यांनी अमेरिकेत सुमारे दहा हजार मैल प्रवास केला होता. २५१ हॉटेले व भोजनगृहांपैकी एकानेच या पाहुण्यांना नकार दिला. पुढे त्याच ठिकाणी पत्राने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी चिनी गिऱ्हाईक घेणार नाही असे कळविले! आपल्याकडे हे चित्र उलटे दिसते. 'आम्ही जात मानीत नाही' हे वाक्य ओठांवर, आणि गावाची रचना मात्र वेशीबाहेरच्या वस्तीची. आपल्या धर्मग्रामांतही सोयरीक जुळविताना एक प्रश्न हळूच विचारला जातोच.

१९५४ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट यांनी पूर्वग्रहावरील आपल्या ग्रंथात मांडले की, निव्वळ सहवासाने मने निवळत नाहीत. समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि शासनाचा किंवा रूढीचा पाठिंबा असेल, तरच ते घडते. भूकंपानंतरच्या पहिल्या दिवसांत यांतील बरेच काही आपोआप जुळून आले होते. सर्वांचेच छप्पर गेलेले, सर्वांनाच आपले माणूस ढिगाऱ्यातून काढायचे.

मराठवाड्याची जुनी जखम ताजीच होती. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ च्या जुलैत झाला, तेव्हा दलितांची घरे जाळली गेली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. भूकंपाला तेव्हा जेमतेम साडेतीन महिने झाले होते. या खेपेस १९७८ चा वणवा पुन्हा पेटला नाही. त्याचे श्रेय भूकंपाला देण्याचे धाडस मी करणार नाही. सोळा वर्षांच्या लढ्याचे मोल त्याने उगाच कमी होईल.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले. रुंद, सरळ रस्ते आखले गेले. घराचे माप मात्र जमिनीवरून ठरले: भूमिहीन व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. कागदावर जात कोठेच नव्हती. पण मराठवाड्यात जमीन कोणाकडे आणि मजुरी कोणाकडे, हे काय वेगळे सांगावयास हवे?