चोपड्याचा समुद्र

होडीतून खाऱ्या पाण्यात जाऊन पिसांच्या खोट्या माशीने मासे धरणारे हौशी क्लब असतात. आमच्या चोपड्याला कुठला आलाय समुद्र? पण तालुक्याच्या दक्षिणेला तापी आहे. मुलताईला उगम पावलेली ही नदी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेपुढे समुद्राला मिळते. तिथला पाला मासा अंडी घालायला नदीत चढतो. तो बारीक प्लवक खातो, म्हणून गळापेक्षा जाळ्यातच सापडतो. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण. वर चढायची वाट तिथेच संपली. मला वाटतं, खान्देशचं समुद्राशी नातं आता एकतर्फी उरलंय... आपलं पाणी तिकडे जातं, तिकडून कुणी येत नाही.