विद्यार्थी साहाय्य सेवा (दूरशिक्षण)

दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने महाविद्यालयीन शिक्षण घेणाऱ्यांना पाठ्यसाहित्याखेरीज संस्थेकडून मिळणारी मदत. प्रवेशापूर्वीचा सल्ला, समंत्रण (अभ्यासातील मार्गदर्शन), संपर्कसत्रे, गृहपाठांची तपासणी, ग्रंथालय, तक्रारनिवारण, दिव्यांगांसाठी लेखनिक व श्राव्य साहित्य या गोष्टी तीत मोडतात. दूरशिक्षणाचे अभ्यासक ॲलन टेट यांनी २००० साली या सेवांची बौद्धिक, भावनिक व व्यवस्थात्मक अशी तीन कार्ये सांगितली. विभागणी सोयीची आहे. व्यवहारात ती फारशी टिकत नाही. परीक्षेच्या तोंडावर ज्याचे प्रवेशपत्र निघत नाही, त्याचा अभ्यासही त्याच दिवशी थांबतो.

आयझॅक पिटमन यांनी १८४० साली इंग्लंडात टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी पाठवलेला सराव तपासून परत धाडला जाई. म्हणजे पत्रद्वारा शिक्षणाच्या आरंभीच पाठाइतकेच महत्त्व तपासणीला होते. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली व १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. गाजावाजा झाला तो त्याच्या दूरचित्रवाणी पाठांचा. खरा आधार होता तो ठिकठिकाणी नेमलेल्या अंशकालीन शिक्षक-समंत्रकांचा. गृहपाठावर गुण देऊन ते मोकळे होत नसत. कोठे चुकले, पुढे काय वाचावे हेही लिहीत. याच विद्यापीठातील डेव्हिड स्यूअर्ट यांनी १९७८ मध्ये या व्यवस्थेला सैद्धांतिक बैठक दिली. पाठ्यसाहित्य सर्वांसाठी एकच असते, शिकणारा मात्र प्रत्येक जण निराळा, तेव्हा दोहोंमध्ये माणूस हवाच, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. हैदराबादचे मुक्त विद्यापीठ १९८२ चे, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ चे. महाराष्ट्रात १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. ते प्रत्यक्षात आणण्याचा भार विभागीय केंद्रांवर आणि त्याहून अधिक अभ्यासकेंद्रांवर पडतो. अभ्यासकेंद्र बहुधा एखाद्या चालत्या महाविद्यालयातच असते. तेथलेच प्राध्यापक सुटीच्या दिवशी समंत्रक होतात, तेथलाच लिपिक अर्ज पाहतो. त्यामुळे केंद्रसंयोजक मनावर घेणारा असेल तर केंद्र नांदते, नाहीतर फलकापुरते उरते.

तक्रारी बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात. पुस्तके सत्र निम्मे सरल्यावर येतात. गृहपाठाचे गुण केंद्राकडून वेळेत जात नाहीत आणि निकाल राखून ठेवला जातो. लग्नानंतर अनेक वर्षांनी पुन्हा शिकू पाहणाऱ्या स्त्रीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव असते, आधार कार्डावर सासरचे. ऑनलाइन अर्ज तेथेच अडतो. ही अडचण संगणकाने सुटत नाही. राजपत्र वा विवाह प्रमाणपत्र जोडा, अमुक खिडकीवर जा, असे सांगणारा कोणीतरी लागतो. केंद्रावर असा माणूस नसेल तर सायबर कॅफेवाला समंत्रक बनतो, तोही पैसे घेऊन.

ऑनलाइन शिक्षणाने पाठ पोचवण्याचा प्रश्न बराच सोडवला. ‘स्वयम्’ या २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मंचावरील अभ्यासक्रमांत चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चामंच व मूल्यमापन असे चार भाग असतात. चर्चामंच हा त्यांतला साहाय्याचा भाग, पण शिक्षक तेथे फिरकला नाही तर तो ओस पडतो. खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवणारे पुष्कळ व पूर्ण करणारे थोडे, हा जगभरचा अनुभव आहे.

सुधारणेची दिशा त्यातूनच दिसते. मदत मागेल त्याला मदत, ही रीत दूरशिक्षणात अपुरी पडते, कारण ज्याला ती सर्वांत जास्त हवी तो सहसा मागत नाही, गुपचूप गळतो. पहिल्या गृहपाठाआधी विद्यापीठाकडून आलेल्या एखाद्या फोननेही टिकून राहणाऱ्यांचे प्रमाण वाढते, असे ऑर्मंड सिम्पसन यांनी ब्रिटिश मुक्त विद्यापीठातील कामावरून दाखवले. पहिला गृहपाठ न आलेल्यांची यादी काढणे संगणकाला क्षणाचे काम आहे. त्या यादीतील प्रत्येकाला फोन करणे हे माणसाचे. यंत्रसंवादक (चॅटबॉट) तारखा व शुल्क सांगायला ठीक, पण रात्रपाळी करून अभ्यास कसा जमवावा हे समंत्रकच सांगू शकतो. त्यासाठी समंत्रकाला पुरेसे मानधन व प्रशिक्षण लागते, आणि काटकसर नेमकी तेथेच होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांत दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणक्रम देणाऱ्या संस्थांसाठी साहाय्य व्यवस्थेचे निकष दिलेले आहेत. कागदावर ते पाळणे अवघड नाही. म्हणून प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्याने आयोगाच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहावी, आणि अभ्यासकेंद्रात प्रत्यक्ष जाऊन गृहपाठ कोण तपासतो व तो परत मिळतो का, एवढे विचारावे.