चित्र परक्याचे, बोली गावची

ठाण्याच्या बाळकुम नाक्यावरून कोलशेतकडे जाताना दुतर्फा उंच इमारती लागतात. मधल्या जुन्या गावठाणात मात्र आगरी-कोळी बोली अजूनही कानी पडते. इमारतींतल्या आणि गावठाणातल्या तरुणांना सारखाच हसवणारा करमणुकीचा एक प्रकार गेल्या दोन दशकांत इंटरनेटने घरोघरी पोहोचवला. एखाद्या जुन्या पॉप गाण्याची चित्रफीत घ्यायची, तिचा मूळ आवाज काढून टाकायचा आणि गायकाच्या ओठांवर भलतेच शब्द बसवायचे, अशी त्याची साधी कृती. चमचमत्या कोटातला परदेशी गायक धुक्यातून चालत येतो आणि तोंड उघडताच भाजीच्या भावाची तक्रार करू लागतो.

या प्रकाराच्या अनेक शाखा आहेत. काहींत मूळ आवाजाला हातही लावला जात नाही. परभाषेतले शब्द आपल्या कानाला जसे ऐकू येतात तसे पडद्यावर लिहून दाखवले जातात. २००७ साली माइक सटन या अमेरिकन तरुणाने ‘पेन्निन मनदै तोट्टु’ (२०००) या तमिळ चित्रपटातील प्रभुदेवाच्या नृत्यगीतावर अशा ऐकीव इंग्रजी ओळी चढवल्या आणि ती फीत ‘बेनी लावा’ या नावाने जगभर गाजली. जपानी दूरचित्रवाणीवर ‘सोरामिमी’ नावाचे असेच सदर १९९२ पासून चालत होते. दुसऱ्या शाखेत चाल तीच राहते, पण गायक पडद्यावर जे घडते त्याचेच वर्णन गाऊ लागतो. डस्टिन मॅकलीन यांनी २००८ मध्ये ‘आ-हा’ या नॉर्वेजियन वाद्यवृंदाच्या ‘टेक ऑन मी’ या १९८५ च्या चित्रफितीवर हा प्रयोग केला. फिनलंडच्या सान्तेरी ओयाला यांनी नामवंत गिटारवादकांच्या बोटांखाली बेसूर वादन बसवले. ऑस्ट्रियाच्या मारिओ वीनररोइटर यांनी तर संगीतच वगळले आणि बुटांची करकर, कपड्यांची सळसळ व गायकाचे धापा टाकणे एवढेच शिल्लक ठेवले.

यातले हस्तकौशल्य वाटते त्याहून अवघड असते. ओठांच्या हालचालीत प्रेक्षकाला स्पष्ट दिसतात ती मुख्यतः ओष्ठ्य व्यंजने : प, फ, ब, भ, म. क, ग, न, ल हे घशात किंवा दातांमागे घडत असल्याने त्यांची अदलाबदल सहज खपते. म्हणून चांगला डबिंगकार आधी ओठ कुठे मिटतात याची नोंद करतो आणि तिथे ‘बाबा’, ‘मामा’, ‘पाव’ असे शब्द पेरतो. उरलेले काम प्रेक्षकाचा मेंदूच करतो. हॅरी मॅकगर्क व जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की ओठ ‘ग’ म्हणत असताना कानी ‘ब’ पडला, तर बहुतेकांना ‘ड’ ऐकू येतो. डोळा कानाला फसवतो. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅड लिप रीडिंग’ या प्रसिद्ध उपक्रमाचा पाया हाच. आणि त्याचीही सुरुवात राजकारण्यांच्या भाषणांपासून नव्हे, तर पॉप गाण्यांपासूनच झाली.

जुनीच गाणी का निवडली जातात, याचे उत्तर त्या काळाच्या गांभीर्यात आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाल्यावर प्रत्येक गाण्याला दृश्य कथा हवी झाली. पंखे, धूर, उडणारे पडदे, शून्यात लागलेली नजर या साऱ्या गोष्टी तेव्हा मनापासून केल्या जात होत्या. भारतात ही लाट नव्वदच्या दशकात आली. अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने (१९९५) तिला वेग दिला, तर मराठीत ‘ऐका दाजीबा’ने २००२ मध्ये पॉप अल्बमची हवा निर्माण केली. दलेर मेहंदी यांचे ‘तुनक तुनक तुन’ (१९९८) हे वेगळे उदाहरण आहे. त्यांच्या गाण्यांचे यश चित्रफितीतल्या सुंदर तरुणींमुळे आहे, अशी टीका होत असे. त्यावर उत्तर म्हणून त्यांनी या फितीत एकाच वेळी चार-चार दलेर नाचवले, दुसरे कोणीच नाही! जी फीत आधीच इतकी मनमुराद आहे, तिची चेष्टा करणाऱ्याला फारसे काही उरत नाही. डबिंगच्या थट्टेला गंभीर चेहराच लागतो.

मराठी रसिकाला ही युक्ती नवी नाही. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ (१९२५) मध्ये कवितेचा थाट तसाच ठेवून आतला आशय उलटवला. त्याहून जवळचे नाते आहे ते गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’शी. १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या आणि मच्छिंद्र कांबळी यांनी हजारो प्रयोगांतून गाजवलेल्या या नाटकात गावची मंडळी महाभारत उभे करतात आणि राजदरबारात मालवणी घुमू लागते. पोशाख राजाचा, तोंडची भाषा वाडीवरची. हे डबिंगच, फक्त जिवंत माणसांचे. पुढे ‘खास रे टीव्ही’ या यूट्यूब वाहिनीने डोनाल्ड ट्रम्प यांना ग्रामीण मराठी बोलणारे ‘तात्या’ केले, तेव्हा प्रेक्षकांना त्याचे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही.

पण हसू कोणावर, हा प्रश्न इथेच उभा राहतो. आगरीत ‘ड’चा ‘र’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’ : गाडीची गारी, डोळ्याचा डोला. (या नियमाने खुद्द बाळकुमचे ‘बालकुम’ होते.) चित्रपटांत आणि मालिकांत असे उच्चार वर्षानुवर्षे नोकराच्या किंवा विदूषकाच्या वाट्याला आले. बाहेरच्या माणसाने परदेशी गायकाच्या तोंडी चार आगरी शब्द कोंबले, तर तोच जुना शेरा नव्या वेष्टनात येतो. बोली घरची असलेल्या मुलाने तेच केले, की मात्र चित्र पालटते. मग नात्यातली बोलणी, हळदीच्या रात्रीचा गोंधळ, मानपानावरून रुसलेला पाहुणा असे नेमके तपशील येतात आणि हसे होते ते गायकाच्या आढ्यतेचे. ‘वस्त्रहरण’चे यशही याच फरकात होते.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रकार धूसर जागी उभा आहे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ टीका व समीक्षेसाठी वापराची मुभा देते. ‘विडंबन’ हा शब्द मात्र त्यात नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिविक चंद्रन खटल्यात एका गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेले प्रतिनाटक उचित वापरात बसते, असे मानले. ब्रिटनने २०१४ मध्ये विडंबनाला स्वतंत्र सवलत दिली. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ बी आणून कलावंतालाही आपल्या सादरीकरणाच्या मानहानिकारक विपर्यासाला हरकत घेण्याचा हक्क दिला. व्यवहारात मात्र निकाल न्यायालयात क्वचितच लागतो. यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा मूळ ध्वनिमुद्रण ओळखते आणि फीत अडते. आवाज पूर्णपणे स्वतःचा घालणारे त्यामुळे काहीसे सुरक्षित राहतात. चाल तशीच ठेवणारे अधिक अडकतात.

अलीकडे या खेळात तिसरा भिडू आला आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता गायकाचा आवाज हुबेहूब उचलते आणि ओठही नव्या शब्दांप्रमाणे हलवते. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई दिली. जुन्या डबिंगमध्ये आवाज दुसऱ्याचा आहे हे पहिल्याच शब्दाला कळते, ओठ अर्धा क्षण मागे-पुढे होतात आणि हसू नेमके त्या फटीतून येते. यंत्राने ती फट बुजवली, की प्रेक्षक गायक खरेच काय म्हणाला याची शहानिशा करू लागतो. बाळकुमच्या गावठाणातल्या मुलाला मोबाइलवर स्वतःच्याच घोगऱ्या आवाजात ‘गारी’ म्हणताना असल्या यंत्राची गरज पडत नाही.