नामुल

नामुल : कोरियन जेवणात भात, रस्सा आणि किमची यांच्या जोडीने वाढली जाणारी, मोजक्या मसाल्यात कालवलेली भाजी. पालेभाज्या, मोड, कंद, देठ, कोंब, रानातली पाने यांपैकी कशाचेही नामुल होते. खाण्याजोग्या पाल्याला आणि त्यापासून केलेल्या पदार्थाला कोरियात हे एकच नाव आहे. जेवणाच्या मेजावर मधोमध मांडलेल्या तोंडीलावण्याच्या छोट्या वाट्यांना मिळून ‘बानछान’ म्हणतात. त्या प्रत्येकाला वेगळ्या वाढत नाहीत, सगळे जण त्यांतूनच घेतात. नामुल हा बानछानमधला सर्वांत साधा, रोजचा आणि घरात कधीही करता येण्याजोगा प्रकार आहे. ते गार किंवा कोमट खातात.

जुन्या रीतीच्या मांडणीत भात, रस्सा, किमची आणि सॉसच्या वाट्या सोडून उरलेले पदार्थ मोजत. ही संख्या ३, ५, ७ किंवा ९ असे. १२ पदार्थांचे पान राजवाड्यातले. तीनच पदार्थांच्या साध्या जेवणातही एक जागा भाजीसाठी धरलेली असे.

नामुल कच्चे किंवा शिजवलेले असते. मुळा, काकडी यांचे कच्चे नामुल (सेंगछे) व्हिनेगर, साखर आणि तिखट घालून आयत्या वेळी कालवतात, कारण थोड्याच वेळात त्याला पाणी सुटते. शिजवलेल्या नामुलात (सुकछे) काही भाज्या उकळत्या पाण्यातून काढून कालवतात, तर काही तेलावर परततात. घरी पहिल्यांदाच करणाऱ्याने उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकापासून सुरुवात करावी. पदार्थ दहा मिनिटांचा आहे, पण नामुल चांगले का होते आणि कुठे बिघडते, हे सगळे त्यात कळते.

कोरियात सिगुमची म्हणजे पालक ही हिवाळी भाजी. दक्षिण छोल्ला प्रांतातील शिनान बेटांचा ‘सोमछो’, पूर्व किनाऱ्यावरचा ‘पोहांगछो’ आणि दक्षिणेचा ‘नामहेछो’ हे तीन पालक तिथे नावाने विकले जातात. समुद्राच्या गार वाऱ्यात ही रोपे उंच न वाढता जमिनीलगत पसरतात. थंडीला तोंड देताना पानांत साखर साठते आणि भाजी गोड लागते. जुडी मुळासकट विकतात. मुळाजवळचा गुलाबी बुडखा सर्वांत गोड असल्याने जाणती गृहिणी तो कापून टाकत नाही. नुसते मूळ खरवडून बुडख्याला फुलीसारखा छेद देते, म्हणजे एका रोपाचे चार भाग होतात आणि आत अडकलेली माती धुऊन जाते.

कृती : ३०० ग्रॅम पालक तीनचार पाण्यांतून धुवावा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळावे आणि त्यात चमचाभर मीठ टाकावे. देठांची बाजू आधी बुडवावी, मग पाने खाली दाबावीत, एकदा उलटावे आणि एकूण अर्ध्या मिनिटात बाहेर काढावे. झाकण ठेवू नये. पालेभाजीतली आम्ले वाफेबरोबर निघून गेली नाहीत, तर हिरव्या रंगद्रव्यातले मॅग्नेशियम सुटते आणि पाने शेवाळी दिसू लागतात. बाहेर काढल्याबरोबर पालक गार पाण्यात टाकावा आणि पाणी दोनदा बदलावे. रंग टिकतो, शिजणे थांबते, शिवाय पालकातले ऑक्झॅलिक आम्ल बऱ्याच अंशी उकळत्या पाण्यात उतरलेले असते. दातांना येणारा तुरटपणा त्यामुळे जातो. म्हणून हे पाणी रश्श्याला वापरू नये.

त्यानंतरची पायरी बहुतेक लिखित कृतींत एका ओळीत उरकलेली असते. खरे नामुल ठरते ते तिथेच. पालकाच्या मुळाकडच्या बाजू जुळवून एक जुडी हातात धरावी आणि वरून खाली दाब देत पाणी काढावे. पाणी जास्त राहिले तर मसाला पातळ होऊन वाटीच्या तळाशी साचतो. फार करकचून पिळले तर पाने चोथ्यासारखी लागतात आणि भाजीची स्वतःची चवही पाण्याबरोबर जाते. दाबल्यावर थेंब पडतात पण धार लागत नाही, इथे थांबावे. पिळलेला गोळा मुठीएवढाच उरतो. तो बोटभर लांबीचा कापून हाताने मोकळा करावा. गोळा न सुटता तसाच राहिला तर आतली भाजी अळणी राहते.

आता कालवण्याचे जिन्नस : एक छोटा चमचा गुक-गांजांग (रश्श्याचा सोया सॉस) किंवा तेवढ्या खारटपणाचे मीठ, लसणाची एक पाकळी बारीक ठेचून, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग चिरून मोठा चमचाभर, दोन छोटे चमचे भाजलेल्या तिळाचे तेल आणि एक चमचा भाजलेले तीळ बोटांनी चुरडून. मीठ किंवा सॉस आधी, तेल शेवटी. तेलाचा थर आधी बसला तर खारटपणा पानांत नीट मुरत नाही. हे सगळे चमच्याने ढवळायचे नाही, बोटांच्या टोकांनी हलके दाबत, सोडवत कालवायचे. कोरियन माणसे चांगल्या स्वयंपाकाचे श्रेय ‘सोनमात’ला, म्हणजे हाताच्या चवीला देतात, आणि नामुलाच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे. आजकाल पुष्कळ जण हातमोजे घालतात, त्याने चवीत फरक पडत नाही. लसूण मात्र एका पाकळीवर नेऊ नये. लसणाची सवय असलेल्या घरांत हा मोह होतोच, पण मग पालक नावापुरता उरतो.

गुक-गांजांग रंगाने फिका आणि चवीला नेहमीच्या सोया सॉसपेक्षा खारट असतो. उकडलेल्या सोयाबीनचे ठोकळे आंबवून, वाळवून मिठाच्या पाण्यात काही आठवडे ठेवतात. मग वरचे पाणी वेगळे काढतात, त्याचा सॉस होतो. खाली उरलेल्या गाळाचे ‘द्वेंजांग’ हे खारट वाटण बनते. अशी आंबवणे घालण्याच्या कोरियन परंपरेला डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. काही पालेभाज्या, विशेषतः उग्र चवीच्या, सॉसऐवजी द्वेंजांगमध्येच कालवतात. गोछुजांग हे तिखट वाटण घातलेलेही नामुल असते, पण मिरची ही नामुलाची अट नाही.

मोडांचे नामुल : सोयाबीनच्या मोडांचे खोंगनामुल हे कोरियातले कदाचित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त खाल्ले जाणारे नामुल. पिवळ्या डोक्याचे, लांब पांढऱ्या शेपटीचे हे मोड पूर्वी घरोघरी वाढवत. तळाला भोके असलेल्या मडक्यात सोयाबीन पसरून वर कापड झाकत आणि दिवसातून अनेकदा पाणी घालत. पाणी खालून गळून जाई, मोड वाढत राहत. उजेड लागला तर डोकी हिरवी पडून मोड राठ होतात. शिजवताना ३०० ग्रॅम मोडांना अर्धा कप पाणी आणि चिमूटभर मीठ पुरते. झाकण घट्ट ठेवून मध्यम आचेवर पाचसहा मिनिटे द्यावीत. मधेच झाकण उघडू नये, हा कोरियन घरांतला दंडकच आहे. सोयाबीनमधले लायपॉक्सिजिनेज हे विकर पुरेशा उष्णतेने निकामी होण्याआधी हवेशी संपर्क आला तर कच्च्या सोयाबीनचा उग्र वास येतो. ज्यांना डोकावल्याशिवाय राहवत नाही त्यांनी पहिल्यापासून उघड्या पातेल्यातच शिजवावेत. तेही चालते, अर्धवट उघडझाप मात्र नाही. सोयाबीनचे मोड कच्चे खाऊ नयेत, त्यातले प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक शिजवल्यानेच कमी होतात.

मुगाच्या मोडांचे नामुल (सुकजू) अधिक नाजूक. मिनिटभरात शिजते आणि फार लवकर आंबते. या नासकेपणावरून एक लोककथा आहे. हंगुल लिपीच्या कामात राजा सेजोंगच्या पदरी असलेला विद्वान शिन सुक-जू (१४१७–१४७५) पुढे बालराजा तानजोंगला सोडून त्याचे राज्य बळकावणाऱ्या काकाच्या, सेजोच्या, बाजूला गेला. लोकांनी त्याचे नाव या लवकर नासणाऱ्या मोडांना चिकटवले, असे सांगतात. कथेला पुरावा नाही, मोड लवकर नासतात हे मात्र खरे.

वांग्याचे नामुल आपल्याकडे कुणीही डोळे झाकून करावे. लांब जांभळी वांगी उभी चिरून पाचसात मिनिटे वाफवावीत, निवल्यावर सुरी न लावता हातानेच उभ्या पट्ट्या फाडाव्यात, हलके पिळून वरच्याच मसाल्यात कालवावीत. फाडलेल्या खडबडीत कडा मसाला धरतात. मुळ्याचे लांब काप पेरिलाच्या किंवा तिळाच्या तेलावर परतून, झाकण ठेवून त्याच्याच पाण्यात मऊ करतात. कोवळ्या दुध्यासारख्या दिसणाऱ्या एहोबाक या भोपळ्याचेही असेच करतात.

रानातली आणि वाळवलेली नामुल : कोरियन द्वीपकल्पाचा मोठा भाग डोंगराळ आहे आणि नामुलाची मुळे भुकेत आहेत. आदल्या वर्षीचे धान्य संपलेले आणि बार्ली अजून पिकायची, अशा वसंतातल्या ओढगस्तीच्या काळाला ‘बोरित-गोगे’, बार्लीचा घाट, म्हणत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रामीण कोरियाला हा घाट दरवर्षी चढावा लागे आणि तो रानपाल्यावर काढला जाई. उल्लुंगदो बेटावर १८८० च्या दशकात वसायला गेलेल्या शेतकऱ्यांनी बर्फाखालून डोंगरी लसणाची पाने उकरून जीव जगवला, अशी तिथली आठवण आहे. तीच पाने आज मुरवून मांसाबरोबर चांगल्या भावाने विकली जातात. गांगवोन प्रांतातल्या जोंगसोनचे ‘गोंदरे’ हे काटेरी झुडपाचे पानही असेच, एकेकाळी भाताला पुरवठा म्हणून घालत, आता ते खायला पर्यटक येतात.

वसंतात मिळालेला पाला उकडून, वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. चांद्रवर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला (जोंगवोल देबोरुम) पाच धान्यांच्या भाताबरोबर अशी वाळवणाची नामुले खातात. त्याने पुढच्या उन्हाळ्याची झळ बाधत नाही, असा समज आहे. होंग सोक-मो याने १८४९ साली लिहिलेल्या ‘तोंगुक सेसिगी’ या सणवारांच्या ग्रंथात मुळ्याचा पाला, वांग्याच्या साली यांसारखी वाळवणे राखून या दिवशी खाण्याची नोंद आहे.

वाळवणांत अग्रमान गोसारीला, म्हणजे नेच्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या कोंबांना. पितरांच्या पूजेत पांढरे दोराजीचे मूळ, तपकिरी गोसारी आणि हिरवा पालक अशी तीन रंगांची नामुले मांडतात. या पानात लसूण आणि लाल मिरची टाळण्याची रीत आहे, त्यांनी पितर दुरावतात असे मानतात. कच्च्या गोसारीत टाक्विलोसाइड हे कर्करोगकारक द्रव्य असते. उकडणे, पाणी फेकणे, वाळवणे, पुन्हा तासन्‌तास भिजवून उकडणे या जुन्या पद्धतीने ते पुष्कळ कमी होते. डे-लिलीच्या पाल्यात कोल्चिसिन असते, म्हणून त्याचे फक्त कोवळे कोंब घेऊन नीट उकडतात. विषारी पाने ओळखण्यात चूक होऊन दर वसंतात काही जण कोरियातही आजारी पडतात आणि सरकारला सूचना काढाव्या लागतात. तेव्हा दोनचार चित्रफिती पाहून सह्याद्रीतले नेचे खुडायला निघू नये.

बौद्ध मठांतल्या नामुलात लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्या वर्ज्य असतात. बेगयांगसा मठाच्या परिसरात राहणाऱ्या भिक्षुणी जोंग क्वान २०१७ साली नेटफ्लिक्सच्या ‘शेफ्स टेबल’ मालिकेत दिसल्या आणि हा स्वयंपाक जगभर पोचला. त्या आधी बाहेरच्या जगाला नामुल माहीत होते ते बहुधा बिबिमबापमुळे : भातावर चारपाच नामुले, अंडे, गोछुजांग घालून ढवळलेला वाडगा. त्यासाठी जोंजू शहर प्रसिद्ध आहे. घरी मात्र उरलेली नामुले संपवण्याचा तो सोपा मार्ग आहे.

महाराष्ट्रात करताना : पुणे परिसरात कोरियन कंपन्यांमुळे कोरियन कुटुंबे आहेत, त्यांच्यासाठी निघालेल्या दुकानांत बहुतेक जिन्नस मिळतात. नसले तरी अडत नाही. आपल्या मंडईत पालक म्हणून जी जुडी मिळते ती बहुतांशी बीटच्या जातीची पालेभाजी असते. पाने जाड, देठ रसाळ आणि गोडी कमी. तिचे देठ पंधरावीस सेकंद आधी शिजवावेत. सोयाबीन मराठवाडा-विदर्भात मुबलक आहे, पण मोडांसाठी पेरणीचे बियाणे कधीही वापरू नये, त्याला बुरशीनाशक चोळलेले असते. खाण्याचे, शक्यतो बारीक दाण्याचे सोयाबीन घ्यावे. मटकीसारखे दीड दिवसात काम होत नाही, पाचसहा दिवस अंधारात ठेवावे लागते.

खरी अडचण तेलाची. कोरियन तेल खरपूस भाजलेल्या तिळांचे, तपकिरी आणि घमघमीत असते. आपले घाण्याचे तीळतेल कच्च्या तिळांचे, फिके असते. त्याने नामुल तेलकट होते, सुवासिक होत नाही. भाजलेले तेल मिळाले नाही तर साधे तेल चमचाभरच घालून भाजलेल्या तिळांचे कूट दुप्पट करावे. आणि किराणा दुकानातला गडद सोया सॉस पालकावर ओतू नये, त्याने भाजी काळी पडते. गुक-गांजांग नसेल तेव्हा नुसते मीठ घालावे. कोरियातही पुष्कळ घरांत पालकाचे नामुल मिठावरच करतात. पालकाचे नामुल फ्रिजमध्ये दोनतीन दिवस टिकते, मुगाच्या मोडांचे त्याच दिवशी संपवावे.