दुसऱ्या प्रतीचा पत्ता

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं. ते १९६६पर्यंत चाललं. संपादकांपुढे काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्या होत्या, तशा केरळच्या मल्याळम लिपीतल्याही. मूळ प्रत कुणाकडेच नव्हती. तरी पाठ ठरवता आला, कारण लेखनिकांनी शतकानुशतकं नकला करून ग्रंथ देशभर पांगवला होता. एका गावी वाळवी लागली तरी दुसरीकडची पोथी शाबूत राहिली. घरच्या फोटोंच्या बॅकअपचं मूळ मला इथं दिसतं.

कागदी फोटोंच्या काळात ही पांगापांग आपसूक व्हायची. निगेटिव्ह स्टुडिओत, एक प्रिंट आपल्या भिंतीवर, एक मुलीच्या सासरी. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि मुठेचं पाणी पुण्याच्या पेठांमध्ये शिरलं. फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजला की फुगतो, चिकट होतो. अल्बममधले फोटो वाळताना एकमेकांना धरून बसतात. ज्यांचं घर नदीकाठी आणि स्टुडिओही नदीकाठीच, त्यांच्या दोन्ही प्रती एकाच पाण्याच्या वाटेत होत्या. परगावच्या मावशीला पोस्टानं धाडलेला लग्नाचा फोटो अशा वेळी सगळ्यांत सुरक्षित.

पुढचा धडा आगीचा. ८ जानेवारी २००३ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. नायट्रेट जळताना स्वतःच प्राणवायू सोडतं, त्यामुळे एकदा पेटल्यावर पाणी मारूनही ते विझत नाही. ज्या चित्रपटांच्या नकला आधीच सहज न पेटणाऱ्या सेफ्टी फिल्मवर उतरल्या होत्या, ते आजही पाहता येतात. मूळ फिल्मच्या पट्ट्या मात्र गेल्या, आणि ही हानी मला आजही सलते.

डिजिटल फोटोची नकल फुकट निघते, म्हणूनच ती काढायची राहते. सीडीवर लिहिलेल्या फोटोंचा रंगद्रव्याचा थर उष्णतेनं, उजेडानं खराब होतो, शिवाय नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते. हार्ड डिस्क पडली की संपली. एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना कपाटात ठेवली तर तिच्यातला विद्युतभार झिरपतो. दूरच्या साठवणीसाठी ती मी निवडणार नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ला थांबली, आणि त्याआधी 'हाय क्वालिटी'त चढवलेले फोटो दाबून लहान केलेले आहेत, मूळ नव्हेत. फोनशी सिंक असणं म्हणजेही बॅकअप नाही: फोनवर पुसलं की क्लाउडवरही पुसलं जातं.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१चा नियम पुण्याला नवा वाटू नये: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्यूर या क्लाउड सेवेचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र पुण्यात आहे, आणि त्याचं जोडकेंद्र चेन्नईत. एवढी मोठी कंपनीही एका शहरावर विसंबत नाही.

घरासाठी मी असं सुचवेन. मूळ फोटो संगणकावर, दुसरी प्रत पैसे भरून घेतलेल्या क्लाउडवर, तिसरी हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क पुण्यात, कोथरूडमधल्याच दुसऱ्या फ्लॅटमध्ये न ठेवता नागपूरच्या भावाकडे. दिवाळीला जाताना नवी भरलेली डिस्क न्यायची, जुनी परत आणायची, आणि परतल्यावर तिच्यातले दहा-वीस फोटो खरोखर उघडून पाहायचे.