रोडगा

रोडगा (अनेकवचन: रोडगे) हा गव्हाच्या जाडसर कणकेचा, गोवऱ्यांच्या आरात भाजून केला जाणारा पदार्थ आहे. अमरावती, अकोला आणि एकंदर वऱ्हाडात तो वांग्याची भाजी, तुरीचे वरण व साजूक तूप यांच्यासोबत खाल्ला जातो. रोडगे सहसा घरच्या चुलीवर न करता शेतात, देवस्थानाच्या आवारात किंवा अंगणात केले जातात आणि पंगतीने जेवले जातात. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी आल्यानंतर गॅसवर रोडगे करण्याच्या निरनिराळ्या पद्धती रूढ झाल्या असून आराची चव त्यांत कशी आणावी, हा मुख्य प्रश्न राहिला आहे.

परंपरा

देवाला रोडग्याचा नैवेद्य बोलण्याची प्रथा जुनी आहे. सोळाव्या शतकातील संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडातील सासुरवाशीण भवानीआईला रोडगाच वाहण्याचा नवस बोलते. एकनाथ पैठणचे, त्यावरून हा पदार्थ एकट्या वऱ्हाडाचा नव्हता, हे उघड आहे. मात्र आज त्याची ओळख टिकून आहे ती प्रामुख्याने वऱ्हाडात. अमरावती जिल्ह्याच्या चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाडा–बैतूल मार्गावर बहिरम येथे डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत यात्रा भरते. तेथील रोडगे आणि मातीच्या हंडीत शिजवलेले मटण प्रसिद्ध आहे.

कृती

जाडसर दळलेल्या कणकेत मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन घालून ती घट्ट भिजवतात. लहान पाऱ्या लाटून त्यांना तेल लावतात, चार-पाच पाऱ्या एकावर एक ठेवतात आणि सर्वांत बाहेरची पारी वळवून गोळा बंद करतात. या थरांमुळे भाजलेला रोडगा आतून सुटसुटीत होतो. थर न देता नुसता गोळा भाजला, तर बाहेरून करपून आत कच्चा राहण्याचा संभव असतो.

गोवऱ्या रचून पेटवल्यावर ज्वाळा पूर्ण विझू देतात. निखाऱ्यांवर राखेचा करडा थर धरला की रोडगे आत सोडतात, उलटसुलट करतात आणि शेवटी गरम राखेने झाकतात. पुढे कापडाने राख झटकून, रोडगा फोडून त्यावर तूप सोडतात. तूप कमी पडलेला रोडगा घशाखाली उतरत नाही.

इंधन आणि आर

कापसाच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या ही वऱ्हाडातील चुलीची सहज मिळणारी जळणे होत. पण ती भडकन पेटतात आणि त्यांचा आर फार वेळ टिकत नाही. वाळलेली गोवरी सावकाश जळते. तिच्या निखाऱ्याची उष्णता रोडग्याला सर्व बाजूंनी लागते आणि वरची राख त्या उष्णतेला आवर घालते. गॅसची ज्योत याउलट खालून एकाच ठिकाणी तापवते, शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. म्हणून थेट बर्नरवर ठेवलेला रोडगा खाली जळतो आणि वर पांढरा राहतो.

गॅसवरील रोडगे

गॅसवर झाकणाचा तंदूर, किंवा शिट्टी व रबरी कडे काढलेला कोरडा कुकर वापरतात. मंद आचेवर, वारंवार उलटत रोडगे व्यवस्थित भाजले जातात. धुरकट वास यावा म्हणून लाकडी कोळशाचा तुकडा जाळीवर धरून लाल होईपर्यंत तापवतात, वाटीत ठेवून ती रोडग्यांच्या भांड्यात मधोमध ठेवतात, त्यावर तुपाचे थेंब सोडतात आणि दोन-तीन मिनिटे झाकण लावतात. यास धुंगार म्हणतात. दगडी कोळसा यासाठी वापरू नये. कोळशाची राख बर्नरच्या छिद्रांत बसून ज्योत पिवळी होऊ लागते. त्यामुळे तुकडा जाळीवरच तापवणे श्रेयस्कर.

धुंगाराने मिळणारा वास गोवरीचा नसतो. लाकडी कोळसा तयार होतानाच त्यातील धूर देणारे बहुतेक घटक निघून गेलेले असतात. भांड्यात उठतो तो मुख्यतः जळणाऱ्या तुपाचा धूर. वांग्याच्या भाजीला तो शोभतो. रोडग्याला मात्र आरातली खरपूस साल त्याने येत नाही. ती हवी असल्यास अर्धेअधिक गॅसवर भाजलेले रोडगे अंगणात शेगडीतील निखाऱ्यांवर शेवटची काही मिनिटे फिरवतात. शहरातील घरांना ही तडजोड त्यातल्या त्यात बरी.

बंद खोलीत किंवा खिडकी लावलेल्या स्वयंपाकघरात कोळशाची शेगडी ठेवणे धोक्याचे आहे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू बाहेर पडतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, हा समज चुकीचा आहे. दुसरीकडे, गोवऱ्या-लाकडांच्या रोजच्या धुराने चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांना व फुफ्फुसांना होणारा अपाय सर्वज्ञात आहे. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमागे हेच एक प्रमुख कारण होते. रोडगे उघड्यावर आणि प्रसंगानेच होत असल्याने त्यांची गणना त्या रोजच्या धुरात करता येत नाही.

तत्सम पदार्थ

राजस्थानातील बाटी आणि बिहारमधील सातूचे सारण भरलेली लिट्टी हे रोडग्याचे जवळचे नातलग. माळव्यातील बाफले आधी पाण्यात उकडून मग भाजतात. खानदेशातील बिट्ट्या उकडून तळल्या जातात. त्यांना आर लागत नाही.